महाल (नागपूर) इथल्या प्रकाशकाचा अनुभव: सरांची कापसाची पुस्तिका आणि दोघांचा पत्रव्यवहार

एकूण साडेतीन स्टार. एक कापला उशिरापायी, अर्धा हिशोबापायी. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं मुळात वाईट नाहीत. पण नागपुरात स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापायची आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने हे वाचून मगच कोटेशनवर सही करावी, एवढ्यासाठी लिहून राहिलो.

पुस्तिका माझी नाही, सरांची. सर म्हणजे आमचे बी.ए.चे अर्थशास्त्राचे सर, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, राहतात धरमपेठेत, विषय एकच, कापूस. व्हॉट्सअॅप वापरत नाहीत, ईमेल आहे पण पासवर्ड मला माहीत, त्यांना नाही. त्यामुळे व्यवस्था अशी होती की सर कागदावर पत्र लिहायचे, खाली कार्बन ठेवून, आणि रजिस्टर्ड एडीनं महालात पाठवायचे, धरमपेठ ते महाल, ऑटोनं जा म्हटलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचाल एवढं अंतर. प्रकाशकाचं उत्तर यायचं माझ्या व्हॉट्सअॅपवर, मी त्याची प्रिंट काढून सरांना नेऊन द्यायचो. असं करत करत एक जाड फाईल झाली आणि खरं सांगू का, पुस्तिकेपेक्षा ती फाईलच वाचायला जास्त मजा येते.

सुरुवात कोटेशनपासून. मालकांनी तीन आकडे पाठवले, ३०० प्रती घेतल्या तर प्रतीमागे ५८ रुपये, ५०० ला ४३, हजाराला ३१. आपण सामान्य माणूस काय करतो, मधला आकडा धरतो. सरांनी दोन पानी पत्र लिहिलं की तुमच्याच आकड्यांवरून ३०० नंतरच्या प्रत्येक जादा प्रतीचा सीमांत खर्च २० रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे बाकीचा सगळा भार प्लेट (ज्यावरून पानं छापतात तो पत्रा), मशीन सेटिंग आणि डीटीपीचा (कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी), मग हजारच छापणं शहाणपणाचं नाही का. मालकांचं उत्तर एका ओळीचं, "सर हजार छापून देऊ पण ठेवणार कुठे, आमच्याकडे गोडाऊन नाही." सरांनी कळवलं की पलंगाखाली जागा आहे. मग काकूंनी पत्राशिवायच आपलं मत सांगितलं आणि ५०० ठरले.

याच कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात "आयएसबीएन शुल्क" म्हणून एक रक्कम लावलेली होती. इथे लक्ष द्या राजेहो. आपल्या देशात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, प्रकाशकाला पण फुकट आणि स्वतः छापणाऱ्या लेखकाला पण. विचारलं तर मालक म्हणाले ते फॉर्म भरायची मेहनत आहे ना. ठीक आहे, मेहनत आहे, पण मग मेहनत लिहा, शुल्क काहून लिहिता? शेवटी काढली ती रक्कम, कटकट न करता काढली हेही सांगतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे मात्र त्यांनी स्वतःहून किमतीच्या पत्रात नीट लिहून दिलं होतं.

मग आलं केन्सचं पत्र, केन्स म्हणजे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ. पैशाची वाटणी कशी करायची यावर सरांनी लिहिलं की १९१९ साली केन्सनं आपल्या पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता-तहावरच्या पुस्तकाचा छपाईचा खर्च स्वतः केला आणि मॅकमिलन कंपनीला विक्रीवर १० टक्के कमिशन दिलं, बाकी नफा लेखकाचा, तर आपणही तसंच करू. सोबत हेही की १९२५ साली ब्रिटन सुवर्ण परिमाणावर (चलन सोन्याला बांधायची पद्धत) परत गेल्यावर त्याच केन्सनं तेव्हाच्या अर्थमंत्री चर्चिलवर जी पुस्तिका काढली ती व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फच्या होगार्थ प्रेसनं छापली, वर्तमानपत्रातल्या लेखांवरून आणि घाईघाईत, म्हणजे लहान प्रेसला असलं काम जमत नाही असं काही नाही. यावर महालातून आलेलं उत्तर मी फ्रेम करून लावणार आहे. "सर, मॅकमिलनला १० मध्ये परवडलं असेल. आमच्याकडे दुकानदारच ३५ ते ४० मागतो." वाटाघाटी बऱ्याच चालल्या, शेवटी छपाई सरांची, छापील किंमत १००, विकलेल्या प्रतीमागे ५० सरांचे आणि ५० मध्ये प्रकाशकानं दुकानदारासकट आपलं भागवायचं. सरांनी याला केन्सपेक्षा वाईट पण बाजारभावाला धरून असा शेरा मारून सही केली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी साडेतीनातले दोन स्टार आहेत. या प्रकाशकाकडे एक संपादक ताई आहेत. कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेखच नाही, वेगळे पैसे नाहीत, मला आधी वाटलं त्या फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहतात. नागपुरात मी पाहिलेल्या प्रकाशकांपैकी बहुतेकांकडे हस्तलिखित कोणी वाचतच नाही, पैसे घेतात, फाईल लावतात, छापून देतात, तुमची चूक तुमच्या नावावर. इथे ताईंनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहून पाठवले.

पहिला दणका पानांचा. हस्तलिखित डीटीपी होऊन ५३ पानांचं झालं. ताईंनी लिहिलं की आपला फर्मा, म्हणजे मशीनवर एकत्र छापून दुमडायचा कागद, १६ पानांचा, तीन फर्म्यांत ४८ बसतात, वरच्या पाच पानांसाठी नवीन प्लेट, पुन्हा मशीन लावणं आणि निम्म्याहून जास्त कागद कोरा, तर सर पाच पानं कमी करता का. सर भडकले. "अर्थशास्त्र फर्म्याच्या मापानं कापायचं का" असं वाक्य आहे त्या पत्रात. पण मग दोनच दिवसांनी दुसरं पत्र गेलं की युनेस्कोच्या १९६४ च्या व्याख्येप्रमाणे पुस्तिका म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ४८ पानं, कव्हर सोडून, त्याच्यावर गेलं की ते पुस्तक होतं, आणि मला पुस्तिकाच काढायची आहे, सबब ४८ मान्य. म्हणजे ताईंचं ऐकलं पण युनेस्कोच्या नावानं ऐकलं. हे कौशल्य प्रत्येक रिटायर्ड प्राध्यापकाकडे असतं.

दुसरा प्रश्न मात्र खरा भारी होता. पान १४ च्या समासात, "सर, इथे भाव क्विंटलला दिलाय, पान २२ वर खंडीला. शेतकरी क्विंटल जाणतो, जिनवाला खंडी. दोघांच्या मधला हिशोब कुठाय?" जिनवाला म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा. सरांचं उत्तर, हे बी.ए. पार्ट वनच्या पोरालाही कळतं. ताईंचं उत्तर, "बी.ए. पार्ट वनचं पोरगं शंभर रुपये देऊन पुस्तिका घेत नाही सर. शेतकरी घेईल."

तीन-चार दिवस धरमपेठेतून काहीच गेलं नाही. मग एक नवीन पान गेलं आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तिकेतलं ते सगळ्यात चांगलं पान आहे. त्यात सरांनी साधं मांडलंय की क्विंटलचा भाव हा कापसाचा, म्हणजे सरकीसकट बोंडातून निघालेल्या मालाचा, आणि खंडीचा भाव हा रुईचा, सरकी काढून उरलेल्या धाग्याचा. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. १०० किलो कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, म्हणजे एक खंडी रुई बनवायला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. तर लांब धाग्याच्या साडेदहा क्विंटलचे झाले ८५ हजाराच्या वर, फक्त कापसाचे, जिनिंगचा खर्च वेगळा. आता रुईचा खंडीचा भाव एकट्यानं एवढा नसतो, मग जिनवाला कापूस घेतो कसा? सरकीमुळे. त्याच साडेदहा क्विंटलमधून साडेसहा-पावणेसात क्विंटल सरकी निघते, ती तेल गिरणीत जाते, तेल निघतं, ढेप गुरांना जाते. म्हणजे सरकी आणि ढेपेचा भाव पडला की कापसाचा भाव पडतो, रुईचा भाव जागेवर असला तरी. सर हे वर्गात पण शिकवायचे पण फळ्यावर वक्ररेषा काढून, तेव्हा आमच्या टाळक्यावरून जायचं. ताईंच्या एका प्रश्नानं ते जमिनीवर आलं. माझा चुलतभाऊ काटोलकडे शेती करतो, त्याला ते एकच पान दाखवलं तर म्हणे हे आधी कोणी सांगितलं असतं तर ढेपेचा भाव पण पेपरात पाहिला असता.

नावावरून पण झालं. सरांचं नाव होतं "विदर्भातील कापूस उत्पादकांच्या किफायतशीर मूल्यनिर्धारणाचे अर्थशास्त्र: एक चिकित्सक अभ्यास". ताईंनी सुचवलं "कापसाचा भाव कोण ठरवतं?" मालकांचं म्हणणं की पहिलं नाव कव्हरवर टाकलं तर फोटोला जागा उरत नाही. सरांनी पहिलं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात ठेवून कव्हर सोडून दिलं.

प्रस्तावनेची आयडिया पण ताईंचीच, की तुमच्याशी सहमत असलेल्या प्राध्यापकाकडून नको, एखाद्या जिनिंगवाल्याकडून घ्या जो तुमच्याशी भांडेल. मला वाटलं सर उडवून लावतील. उलट खूश झाले, कारण बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनं काढला तेव्हा त्याला प्रस्तावना होती एडविन कॅनन यांची, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे प्राध्यापक, आणि त्या प्रस्तावनेत कॅनननी लेखकाशी आपले मतभेद सरळ लिहिले होते. सरांच्या दृष्टीनं आता आपण योग्य पंगतीत बसलो. जिनिंगवाल्या काकांनी दीड पान लिहून दिलं, त्यात सरांचे दोन मुद्दे खोडलेत, आणि ते दीड पान तसंच छापलंय, एक शब्द न बदलता.

इथपर्यंत ऑगस्टचा मध्य आला होता. अंतिम प्रूफवर सही झाली, प्लेट तयार, आणि ठरलं होतं की दसऱ्याच्या आधी प्रती हातात. का दसरा, तर नागपूरकराला सांगायची गरज नाही, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तशी विक्री वर्षात दुसरीकडे कुठे होत नाही, लोक गावागावावरून येतात आणि खाण्याच्या आधी पुस्तकं घेतात, त्यात कापूसवाल्या गावांची माणसं किती. वर त्याच सुमारास पहिला वेचा सुरू होतो. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे वेळ बेताचाच.

आणि १९ ऑगस्टला केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, ३० सप्टेंबरपर्यंत.

सरांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. छपाई थांबवा. मुद्दा बरोबरच होता, कापसाचा भाव कोण ठरवतं असं कव्हरवर विचारायचं आणि बाहेरचा कापूस स्वस्तात आत यायचा दरवाजा उघडला याचा उल्लेखच नाही असं कसं चालेल. ५ टक्के मूळ शुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधांचा सेस आणि दोन्हींवर १० टक्के अधिभार असे ते ११ टक्के, २०२१ च्या बजेटपासूनचे. हे सगळं अर्ध्या पानात बसवलं, जुना एक परिच्छेद काढून, ताईंनी रात्री बसून पान जुळवलं, तिसऱ्या फर्म्याची प्लेट नवीन केली. आणि २८ ऑगस्टला सरकारनं तीच सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन खरेदीच्या हंगामातच. सरांचं पुन्हा पत्र. पुन्हा प्लेट. दुसऱ्या प्लेटचे पैसे कोणी द्यायचे यावर जो पत्रव्यवहार झाला तो मी इथे देत नाही, दोन्ही बाजूंना शोभत नाही. पहिली प्लेट सरांनी भरली, दुसरी मालकांनी, असा तह झाला. मधल्या काळात पोस्टानं रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात मिसळायचं जाहीर करून टाकलं, तर सर पोस्ट ऑफिसातून परत आले ते आयात शुल्क विसरून त्याच्यावरच बोलत होते. त्यानंतर पत्रं मीच नेऊन दिली.

उशिराची तक्रार माझी इथे आहे. सरांनी दोनदा छपाई थांबवली हे मान्य, पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं फायनल झालं होतं, ५०० प्रतींचं ४८ पानी काम आहे, मशीनवर चढलं तर किती वेळ लागतो. चढलंच नाही. का, तर मशीनवर दिवाळी अंक होते. दिवाळी अंकांचा सीझन असतो, प्रेसवाल्यांचं वर्षाचं पोट त्याच्यावर असतं, आम्हाला समजतं, पण मग तसं सांगा ना भाऊ. फोन केला की "उद्या लावतो", परत केला की "कागद येऊन राहिला". लेखी विचारलं तर फक्त निळ्या टिका. इतके दिवस प्रत्येक पत्राला उत्तर देणारा माणूस ऐन वेळी गप्प. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मशीन माझ्या हातात नाही, आणि ते खरंच होतं. आधी सांगितलं असतं तर शंभर प्रती डिजिटलवर काढून घेतल्या असत्या, तिथे प्लेट लागत नाही, प्रत महाग पडते पण स्टॉल तर गाठला असता. प्रती आल्या दसरा होऊन गेल्यावर. दीक्षाभूमीचा स्टॉल गेला तो गेला.

माल मात्र चांगला आहे, ते लपवत नाही. आत ७० जीएसएम मॅपलिथो कागद, मागची शाई पुढे दिसत नाही, अक्षर मोठं, म्हाताऱ्या माणसाला चष्म्यावर वाचता येईल असं, आकड्यांचे तक्ते सरळ रेषेत. मधोमध दोन पिना, पुस्तिका उघडून टेबलावर ठेवली तर आपोआप मिटत नाही. कव्हरला मॅट लॅमिनेशन, वर फुटलेल्या बोंडाचा फोटो, तो ताईंनी स्वतः काढलेला. या किमतीत एवढं देणारं दुसरं कोणी असेल तर मला सांगा.

एक चूक राहिली आणि ती इतकी सुंदर आहे की सर पण रागावले नाहीत. शेवटच्या घाईत डीटीपीवाल्या पोराच्या कॉम्प्युटरनं कुठेतरी स्पेलिंग आपोआप सुधारलं आणि पान ३१ वर "सरकी" चं "सरकार" झालं. वाक्य असं छापून आलंय, "तेल काढून उरलेल्या सरकारची ढेप होते व ती जनावरांना घालतात." मालक म्हणाले शुद्धिपत्र चिकटवून देतो, फुकट. सर म्हणाले राहू द्या, ते वाचायला तरी लोक पान ३१ पर्यंत जातील. जिनिंगवाल्या काकांनी पाच प्रती जास्त नेल्या त्या याच वाक्यासाठी असा माझा संशय आहे.

आता पैशाचं आणि हक्कांचं, जे कोणी बोलत नाही. छापायच्या आधी जो करार आला त्यात "सर्व हक्क प्रकाशकाधीन" असं तयार वाक्य होतं, मुदतीची जागा कोरी. मालकांना विचारलं तर म्हणे हा फॉर्म जुनाच आहे, सगळे करतात सही. सरांनी केली नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात हक्क द्यायचे तर लेखी लागतं, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, म्हणजे सही करून मोकळं झालं की ५ वर्षं दुसऱ्याकडून आवृत्ती काढता येत नाही. सरांनी ओळ खोडून "हक्क लेखकाचे, प्रकाशकास या ५०० प्रतींच्या विक्रीपुरती परवानगी" असं हातानं लिहिलं, मालकांनी त्याच्याखाली सही केली, वाद घातला नाही. तुम्ही पण खोडा. खोडता येतं, लोकांना माहीतच नसतं.

हिशोबाचा अर्धा स्टार कापला तो याच्यासाठी की किती प्रती कोणत्या दुकानात ठेवल्या हे अजून लेखी आलेलं नाही. सीताबर्डीत आहेत म्हणतात, मी गेलो तर काउंटरखाली गठ्ठा दोरीसकट होता, मीच सोडून वर मांडायला लावला. सरांनी तीन पत्रं लिहिलीत, शेवटच्यात कोष्टक आखून दिलंय, दुकान, दिलेल्या, विकलेल्या, परत, फक्त आकडे भरायचे बाकी. मालक म्हणतात ३१ मार्चला सगळं एकदम देतो, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. आला आणि नीट असला तर चार करीन.

तोपर्यंत जायचं असेल तर बिनधास्त जा, फक्त दिवाळीच्या आधीचे दोन महिने टाळा, तारीख लेखी घ्या, आणि ऑफिसात गेल्यावर मालकांच्या टेबलाशी न थांबता आतल्या खोलीत ताईंना भेटा. त्यांच्याकडे सध्या संत्र्यावरचं एक हस्तलिखित पडलंय म्हणे, लेखक सरांच्याच वयाचे, ७२ पानं.